उतारवयातले मनाचे बळ



माझे वय बहात्तर. मी न्यू जर्सीत मुला-सुनेकडे राहते. आमच्या वयाची मंडळी जमली की गुडघे, रक्तदाब आणि साखर यांवरच बोलणे होते. गोळ्या आम्ही वेळेवर घेतो, पण मनाच्या बळाची विचारपूस कोणी करत नाही.

एलेन लँगर व ज्युडिथ रोडिन यांनी कनेक्टिकटमधील एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितले, "खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा हे तुम्हीच ठरवा; एक रोपटे घ्या आणि सांभाळा." दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, पण पाणी घालणार परिचारिका. तीनच आठवड्यांत पहिला गट अधिक उत्साही व हिंडता-फिरता दिसला. गट लहान होता, तरी विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

पुढे २००२ साली बेका लेव्ही यांनी ओहायोतील पन्नाशी उलटलेल्या ६६० जणांची माहिती तपासली. स्वतःच्या वार्धक्याकडे चांगल्या नजरेने पाहणारे इतरांपेक्षा सुमारे साडेसात वर्षे अधिक जगले. मुळातली प्रकृती, वय, आर्थिक स्थिती लक्षात घेऊनही हा फरक उरला. अर्थात, यावरून नाते दिसते, कारण सिद्ध होत नाही. तेव्हा औषधे सोडू नयेत! पण "आपला अजून उपयोग आहे" असे वाटणारा माणूस चालायला बाहेर पडतो, पथ्य पाळतो, चार माणसांत मिसळतो, हे आपण पाहतोच.

परदेशात ही गोष्ट अधिक जाणवते. इथे अनेकांना गाडी चालवता येत नाही, दिवसभर घर रिकामे असते. त्यात "आई, तुम्ही बसा, मी करते" हे प्रेमाचे बोलणे! प्रेम खरेच, पण त्या प्रेमाने हातातली पाण्याची झारी काढून घेतली जाते.

म्हणून तीन गोष्टी सुचवते :

१. घरातले एक काम पूर्णपणे आजी-आजोबांचे असू द्या. ते हळू झाले तरी चालेल.

२. डॉक्टरांकडे त्यांच्याविषयी बोलताना आधी त्यांनाच बोलू द्या. भाषा अडली तरच मदत करा.

३. आठवड्यातून एकदा तरी समवयस्कांकडे नेऊन सोडा.

आणि आम्ही ज्येष्ठांनीही "आता काय राहिलंय?" हे पालुपद सोडावे. उत्सवात तुम्ही आम्हाला पहिल्या रांगेत खुर्ची देता, त्याचा आनंद आहेच. यंदा खुर्चीबरोबर थोडे कामही द्या.