गजाआडचे आरोग्य आणि आपले घर

काही महिन्यांपूर्वी एक साठीच्या बाई दवाखान्यात आल्या. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत फिटच्या गोळ्यांची पाकिटे. म्हणाल्या, "डॉक्टर साहेब, पोराच्या गोळ्या आत घेईनात हो. तुमची चिठ्ठी दाखवली तर म्हणले, ही वाचता येईना."

मुलाला भांडणाच्या एका गुन्ह्यात अटक झाली होती. कोठडीत तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली आणि नंतर त्याची रवानगी तुरुंगात झाली. फिटचा आजार आहे हे घाबरलेल्या मुलाने कोणाला सांगितले नव्हते, घरच्यांनाही ते सुचले नव्हते. राहिली चिठ्ठी. ती माझीच होती. तिच्यावर रोगाचे नाव नव्हते, तारीख नव्हती, शिक्का नव्हता आणि अक्षर असे की मलाच दोनदा पाहावे लागले. अनोळखी माणसाने आणलेल्या गोळ्या अशा चिठ्ठीवर कोणता डॉक्टर आत घेईल? चूक माझी होती. म्हणून आज हा विषय.

तुरुंगाशी आपला काय संबंध, असे काही वाचकांना वाटेल. पण ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि त्यांपैकी शंभरात सुमारे ७६ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे, गुन्हा शाबीत झालेला नाही असे. शिवाय मराठवाडा मुक्तिसंग्रामात आपल्या भागातील कितीतरी लोक निजामाचा तुरुंग पाहून आले. तेव्हा आत गेलेला प्रत्येक जण गुन्हेगारच, असे आपल्याकडे तरी कोणी म्हणू नये. दुसरी गोष्ट म्हणजे आत गेलेला बहुतेक माणूस आज ना उद्या घरी येतो आणि येताना तिथला आजार घेऊन येऊ शकतो.

जागा किती हवी, असते किती

केंद्र सरकारच्या नमुना कारागृह नियमावलीप्रमाणे बराकीत झोपणाऱ्या प्रत्येक कैद्याला ३.७१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४० चौरस फूट जागा मिळावी. एका बराकीत २० पेक्षा जास्त माणसे नसावीत. रात्री दहा माणसांमागे एक संडास असावा. माणशी रोज १३५ लिटर पाणी असावे. हे आकडे चैनीचे नाहीत. एका माणसाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर येऊ नये, इतकाच त्यांचा हिशेब आहे.

प्रत्यक्षात २०२२ अखेर देशातील तुरुंगांत शंभर जणांच्या जागेत सरासरी १३१ माणसे होती. महाराष्ट्रातील गर्दी या सरासरीहूनही जास्त होती. समजा, वीस जणांच्या बराकीत तीस जण ठेवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वीस-सत्तावीस चौरस फूट येतात. आपली साधी खाटच अठरा चौरस फूट जागा घेते. जाण्यायेण्याची वाट आणि संडासाचा कोपरा वजा केला, की सतरंजीला सतरंजी लागते. संध्याकाळी बराकीला कुलूप लागले की सकाळपर्यंत तीच हवा, तोच संडास आणि तीच माणसे.

अशा जागेत कोणते रोग वाढतात

पहिला क्षय, म्हणजे टीबी. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकला की त्याचे जंतू बंद खोलीच्या हवेत कित्येक तास तरंगत राहतात. ऊन आणि वाहता वारा हे क्षयाचे जुने वैरी; बराकीत दोन्ही कमी. म्हणूनच जगभर बाहेरच्या लोकांपेक्षा कैद्यांत क्षयाचे प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आढळते.

दुसरी खरूज. ती अंगाला अंग लागून आणि एकमेकांच्या अंथरुणातून पसरते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला पुरळ येते आणि रात्री खाज वाढते. ती पहिल्यांदाच झालेल्या माणसाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत अंगावर काही दिसत नसले तरी ती दुसऱ्याला लागू शकते.

तिसरे पोटाचे आजार. संडास कमी आणि पाणी अपुरे असले की जुलाब, कावीळ, विषमज्वर यांना वाट मिळते.

चौथा मनाचा आजार. आपल्याकडे त्याची दखल कोणी घेत नाही. २०२२ साली देशातील तुरुंगांत १,९९५ कैदी मरण पावले. त्यांतील बहुतेक मृत्यू आजाराने झाले, पण ११९ जणांनी आत्महत्या केली. अटकेनंतरचे पहिले काही दिवस यासाठी सर्वांत नाजूक असतात.

रोग भिंतीच्या आत राहत नाही, हा अनुभव जुना आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी 'तुरुंगाचा ताप' म्हणून एक रोग होता. तो उवांमधून पसरणारा टायफस. १७५० साली लंडनच्या न्यायालयात खटल्यासाठी आणलेल्या कैद्यांकडून तो पसरला आणि खुद्द न्यायाधीश व शहराचे मेयरही दगावले. जॉन हॉवर्ड या गृहस्थाने तुरुंगांची पायपीट करून पाहणी केली आणि १७७७ साली पुस्तक लिहिले. फाशी जाणाऱ्यांपेक्षा या तापाने मरणारे कैदी जास्त आहेत, असे त्याने दाखवून दिले. आपल्याकडे मे २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात शंभराहून जास्त कैद्यांना आणि त्यांच्याबरोबर तिथल्या कर्मचाऱ्यांनाही लागण झाली. कर्मचारी तर संध्याकाळी आपापल्या घरी जात होते.

पहिले तीन दिवस

माझ्या मते खरा धोका अटकेनंतरच्या पहिल्या तीन दिवसांत असतो. कारण चालू असलेले औषध अचानक तुटते.

फिटच्या गोळ्या बंद पडल्या तर एकामागून एक फिट येऊन जीव जाऊ शकतो. इन्सुलिनवरच जगणाऱ्या मधुमेही रुग्णाला एक-दोन दिवसांच्या खंडानेही उलट्या, धाप आणि बेशुद्धी येते. दम्याचा पंप जवळ नसेल तर रात्र काढणे कठीण.

आणि रोज भरपूर दारू पिणारा माणूस. दारू एकदम तुटली की पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो बरळू लागतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो. पाहणाऱ्याला वाटते, नाटक करतो आहे. हे नाटक नव्हे. हा जीवघेणा आजार आहे आणि त्याला इस्पितळातच न्यावे लागते.

कायदा काय म्हणतो

अटक झालेल्या माणसाची सरकारी डॉक्टरकडून लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत म्हटले आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले, की कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरने त्याला तपासावे. तुरुंगात रुग्णालयाची किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागेची सोय असावी, असे इंग्रजांनी केलेल्या १८९४ च्या कायद्यातसुद्धा लिहिलेले होते. आत गेलेल्या माणसाची मोकळीक जाते, पण औषधाचा हक्क जात नाही.

नातेवाइकांनी काय करावे

१. अटक झाल्याचे कळताच आजार आणि चालू औषधे पोलीस अधिकाऱ्याला सांगा. नुसते तोंडी सांगू नका, लिहून द्या आणि त्याची पोच घ्या. दारूचे व्यसन असेल तर तेही सांगा. इथे लाज धरू नये.

२. आपल्या डॉक्टरकडून स्वच्छ अक्षरात चिठ्ठी घ्या. तिच्यावर रुग्णाचे नाव, वय, रोगाचे नाव, औषधाचे नाव, मात्रा, वेळ, तारीख, डॉक्टरची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. औषध बंद पडल्यास काय धोका आहे, हेही एका ओळीत लिहून घ्या. दोन झेरॉक्स जवळ ठेवा.

३. औषधे कैद्याच्या हातात देण्याचा प्रयत्न करू नका. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करून चिठ्ठीसह कार्यालयात द्या.

४. तरीही औषध मिळत नसेल तर वकिलामार्फत न्यायालयात अर्ज करा. तारखेला हजर केल्यावर कैदी स्वतःही न्यायाधीशांना आपला आजार सांगू शकतो.

५. वकील करायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतील माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येते. पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू आहे. जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेले गुन्हे आणि ज्याच्यावर एकाहून जास्त खटले आहेत असा आरोपी यातून वगळला आहे. वकिलाला हेही विचारा.

६. क्षयाचा उपचार चालू असेल तर त्याचा निक्षय क्रमांक आत कळवा. त्या क्रमांकावर देशात कुठेही पुढचा उपचार सुरू राहतो. हा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. मध्येच सोडला तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

माणूस घरी आल्यावर

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेले वजन यांपैकी काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १,००० रुपयेही मिळतात.

खाज असेल तर एकट्याला मलम लावून उपयोग नाही. घरातील सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत परमेथ्रिन मलम लावावे, सकाळी अंघोळ करावी आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावावे. तान्ही मुले आणि गरोदर बायकांसाठी आधी डॉक्टरला विचारावे. कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात.

तो गप्प बसत असेल, झोपत नसेल, जेवत नसेल तर "झाले गेले विसर" एवढ्याने भागत नाही. त्याला बोलते करा. १४४१६ या मोफत क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला मराठीतही मिळतो. गावाने त्याच्याकडे पाठ फिरवली तर त्याचा आजार वाढतो.

त्या बाईंना मी त्याच दिवशी नवी चिठ्ठी लिहून दिली, यावेळी एकेक अक्षर सुटे काढून. त्यांनी ती वकिलामार्फत दिली. पंधरा दिवसांनी गोळ्या सुरू झाल्याचे सांगायला त्या मुद्दाम आल्या होत्या.

वाचकांना एकच विनंती. घरात कोणाला फिट, मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा क्षय असेल तर अशी एक स्वच्छ चिठ्ठी आजच आपल्या डॉक्टरकडून घेऊन घरात ठेवा. तुरुंगाची वेळ कोणावर न येवो. पण औंढ्याच्या यात्रेत, पंढरीच्या वारीत किंवा परगावी अपघात झाला तरीही ती चिठ्ठी तितकीच कामाला येईल. आणि डॉक्टरचे अक्षर वाचता येत नसेल तर न संकोचता ते पुन्हा लिहून मागा. आम्हा डॉक्टरांनाही त्याची गरज आहे.