आतल्या कडेने पुढे गेलेली एलेन

प्रश्न : १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या महिलांच्या ८०० मीटर शर्यतीची चित्रफीत नुकतीच पाहिली. नेदरलँड्सची एलेन व्हान लांगेन शेवटच्या टप्प्यात चक्क आतल्या कडेने घुसून जिंकते. हे नियमात बसतं का? आणि एवढं मोठं यश मिळवलेली ही धावपटू पुढच्या ऑलिम्पिकमध्ये कुठेच कशी दिसत नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी नियमाचं पाहू. ८०० मीटरमध्ये पहिलं वळण प्रत्येकीने आपापल्या लेनमध्ये धावायचं असतं. ते संपलं की सगळ्या आतल्या लेनकडे झेपावतात. आपल्या शायनी अब्राहमने १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत लेन ठरल्यापेक्षा आधी सोडली आणि आघाडीवर असूनही तिला बाद ठरवण्यात आलं. त्या वळणानंतर मात्र उजवीकडून जा, डावीकडून जा, मुभा असते. कुणाला धक्का द्यायचा नाही आणि ट्रॅकच्या आतल्या कठड्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही, एवढं पाळलं की झालं.

तरीही आतून जायला सहसा कुणी धजत नाही, कारण तिथे वाट नसतेच. पुढची कडेला चिकटून धावते, बाजूला दुसरी असते आणि मागची पुरती कोंडली जाते. म्हणून बहुतेक जणी बाहेरून वळसा घेतात आणि त्याची किंमत मोजतात. लेन १.२२ मीटर रुंद असते. एका वळणात एक लेन बाहेरून धावलं तर जवळपास पावणेचार मीटर जास्त धावावं लागतं.

३ ऑगस्ट १९९२ च्या अंतिम फेरीत आघाडीवर होती लिलिया नुरुत्दिनोव्हा, आदल्याच वर्षीची विश्वविजेती. क्यूबाची आना किरोतही होती. शेवटच्या सरळ पट्ट्यात नुरुत्दिनोव्हा कडेपासून जराशी बाहेर सरकली आणि त्या फटीतून एलेन पुढे निघाली. वेळ १ मिनिट ५५.५४ सेकंद. नुरुत्दिनोव्हा ४५ शतांश सेकंदांनी मागे, म्हणजे त्या वेगात साधारण तीन मीटर. आता वरचे पावणेचार मीटर आठवा. एलेनने वळणावर बाहेरचा रस्ता धरला असता तर निकाल कदाचित वेगळा लागला असता. वाट मिळेपर्यंत थांबून राहणं आणि मिळताच पूर्ण ताकदीने सुटणं, दोन्ही तिला साधलं. याला नशीब म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. फट कुणालाही मिळू शकते. पण सातशे मीटर धावून झाल्यावर तिचा फायदा घेण्याइतका दम अंगात उरवावा लागतो.

नेदरलँड्ससाठी या पदकाचं मोल फार मोठं होतं. फॅनी ब्लँकर्स-कोएनने १९४८ मध्ये लंडनला चार सुवर्णपदकं मिळवली, त्यानंतर ४४ वर्षं ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर त्या देशाला एकही सुवर्ण मिळालेलं नव्हतं.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. एलेनचा जन्म १९६६ चा, जर्मनीच्या सीमेजवळच्या ओल्डेनझाल गावातला. ती आधी फुटबॉल खेळायची. धावण्याकडे गंभीरपणे वळली ती विशीच्या आसपास. १९९० मध्ये स्प्लिटच्या युरोपीय स्पर्धेत ती चौथी आली, म्हणजे मोजक्या वर्षांत युरोपच्या पहिल्या फळीत पोहोचली. १९९१ चा हंगाम दुखापतीने हिरावला. मग बार्सिलोना. त्यानंतर पुन्हा दुखापती, एकामागून एक. १९९५ च्या गोथेनबर्ग जागतिक स्पर्धेत तिने अंतिम फेरी गाठली खरी, पण १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकला दुखापतीमुळेच मुकली. १९९८ मध्ये ती निवृत्त झाली. बार्सिलोना हे तिचं एकमेव ऑलिम्पिक.

बार्सिलोनाच्या त्याच अंतिम फेरीत मोझांबिकची एकोणीस वर्षांची मारिया मुटोला पाचवी आली होती. तीही फुटबॉलमधूनच आलेली, पण किशोरवयात. ती पुढे २००८ पर्यंत धावत राहिली, सहा ऑलिम्पिक खेळली आणि सिडनीत सुवर्णही जिंकली. एकाच शर्यतीतल्या दोघींच्या वाटा इतक्या वेगळ्या! याचं एक कारण सुरुवातीच्या वयात असावं. उशिरा सुरुवात करणाऱ्याचं हृदय आणि स्नायू सरावाला लवकर जुळवून घेतात. स्नायुबंध आणि हाडं मात्र सावकाश. ८०० मीटरमध्ये वेग आणि दम दोन्हींचा कस लागतो, त्यामुळे सरावही दुहेरी आणि पायांवरचा भारही. एलेनच्या बाबतीत हेच कारणीभूत ठरलं असावं, हा माझा अंदाज. पण तिच्या कारकिर्दीचा आलेख पाहता तो मला पटतो.

ती ‘कुठेच दिसत नाही’ असं मात्र नाही. पुढे ती हेंगेलोच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन स्पर्धेची संचालक झाली. हेंगेलो तिच्या जन्मगावापासून जवळच. मैदानात उतरता येत नसताना खेळात राहण्याची ही रीत मला फार भावते.

आणि १ मिनिट ५५.५४ सेकंदांचा तिचा राष्ट्रीय विक्रम तीस वर्षांहून अधिक काळ टिकला. सिफान हसनसारख्या अनेक पल्ल्यांवर हुकूमत गाजवणाऱ्या धावपटूलाही तो मोडता आला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ४०० मीटर अडथळ्यांची विश्वविजेती फेमके बोल हिने ८०० मीटरकडे वळत असल्याचं जाहीर केलं. तिच्या शर्यती बघताना घड्याळावर लक्ष ठेवा.