कारखान्याची किंमत : हिशेब की अंदाज?



मागे प्लॉट पाहणीला गेलो असता एका ज्येष्ठ सभासदांनी बांधावरच गाठले. म्हणाले, "साहेब, कारखान्याच्या विस्ताराला कर्ज काढायचं म्हणतात. पण मुळात आपल्या कारखान्याची किंमत किती? ती हिशेबानं निघते का अंदाजानं?"

मी म्हटलं, "अण्णा, उभ्या उसाचा टनेज काढतो, तशीच निघते."

कसे ते पाहा. सरी ४ फुटांची. १० फूट सरीतले ऊस मोजले की ४० चौरस फूट झाले. एकरात असे १०८९ तुकडे. ४२ ऊस, सरासरी वजन १.२ किलो, म्हणजे एकरी ५५ टन. हे झाले शास्त्र. पण मोजायला उभे कुठे राहायचे? नोकरीच्या सुरुवातीला मी पाटाकडच्या जोमदार सरीत मोजून ५५ टन लिहिले. काट्यावर भरले ४३! गुणाकार बरोबर होता, जागा चुकली होती.

कारखान्याचेही तसेच. एक रीत म्हणजे मालमत्ता वजा कर्ज. पण गाळपाला ऊसच नसेल तर मिल म्हणजे नुसते लोखंड. म्हणून दुसरी रीत, कमाईवरून किंमत काढण्याची. इथे सहकारात एक मेख आहे. आपली बचत बरीचशी ऊसदरातून सभासदांच्या घरी जाते, त्यामुळे अहवालात नफा थोडा दिसतो. समजा, ६ लाख टन गाळप झाले आणि एफआरपीपेक्षा टनाला १०० रुपये जादा दिले. म्हणजे ६ कोटी रुपये. ही कमाई धरलीच पाहिजे.

आता गुंतवणुकीवर १२ टक्के परतावा हवा असे धरले, तर ६ कोटींच्या कमाईची किंमत होते ५० कोटी. धंदा जोखमीचा म्हणून १५ टक्के धरला, तर ४० कोटी. कारखाना तोच, ऊस तोच. एका आकड्याने १० कोटी गेले!

शिवाय हंगाम कोणता धरायचा? राज्यात २०१९-२० ला साखर सुमारे ६२ लाख टन झाली, २०२१-२२ ला सुमारे १३७ लाख टन. नुसता भरघोस हंगाम धरणे म्हणजे पाटाकडच्या सरीत मोजणे.

तेव्हा गणित हे शास्त्र. त्यात कोणता आकडा घालायचा, ही जाणकाराची नजर. ती नजर आपलीही हवी, कारण कर्ज फिटणार ते आपल्याच उसातून. विस्ताराचा प्रस्ताव सभेपुढे आला की हात वर करण्याआधी तीन गोष्टी विचारा : सरासरी किती हंगामांची? त्यात दुष्काळाचे वर्ष आहे का? आणि वाढीव गाळपाला ऊस कुठल्या शिवारातून येणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याच हातात आहे. लागणीची नोंद वेळेवर द्या, खोडवा राखा. कारखान्याची खरी किंमत तिथेच ठरते.

— ऊस विकास अधिकारी