फ्ल्यूच्या रुग्णाच्या फुफ्फुसात बुरशी कशी?

प्रश्न : फ्ल्यूच्या न्यूमोनियामुळे वडील अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवर आहेत. आता फुफ्फुसात बुरशीही झाल्याचे डॉक्टर सांगतात. ही रुग्णालयाची हयगय समजावी काय?

उत्तर : तसा निष्कर्ष एकाएकी काढू नये. अ‍ॅस्परजिलस नामक बुरशीचे २ ते ३ मायक्रॉन व्यासाचे बीजाणू आपण सारेच नित्य श्वासावाटे आत घेतो. परंतु निरोगी श्वसनमार्गाचे अस्तर व तेथील संरक्षक पेशी यांचा बंदोबस्त इतका चोख असतो की, त्यांना रुजण्यास अवसरच मिळत नाही. विषाणू हे अस्तर उद्ध्वस्त करतो, आणि त्यातच स्टेरॉइड देणे भाग पडले असल्यास प्रतिकारशक्ती अधिकच क्षीण होते. केवळ एक्स-रेवरून या रोगाची खात्री पटत नाही. म्हणून श्वासनलिकेत दुर्बीण घालून तेथील व्रण व पांढरट पापुद्रे पाहतात, आणि फुफ्फुस धुऊन काढलेल्या द्रवात गॅलॅक्टोमॅनन या बुरशीजन्य शर्करेचा शोध घेतात. व्होरिकोनॅझोल हे यावरील एक प्रमुख औषध. मात्र त्याचे रक्तातील प्रमाण आणि यकृताची स्थिती वरचेवर तपासावी लागते. रोग घातक खरा, तथापि उपचार जितका लवकर तितकी आशा अधिक. सबब डॉक्टरांनी दुर्बिणीच्या तपासणीस संमती मागितल्यास ती देण्यात विनाकारण कालहरण करू नये.