घार आणि समुद्रफूल : दोन शिकारी

ओहोटीच्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावर कुलाबा किल्ल्याच्या बाजूला दोन शिकारी पाहावयास मिळतात. पहिला शिकारी म्हणजे आकाशात घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार. विटकरी अंग आणि पांढरे डोके यांवरून ती चटकन ओळखता येते. दुसरा शिकारी खडकांतील डबक्यात चिकटून बसलेला असतो. तो म्हणजे समुद्रफूल, अर्थात सी ॲनिमोन. नाव फुलाचे असले तरी हा मांसाहारी प्राणी आहे.

दोघांचे उद्दिष्ट एकच, पण शरीररचना किती निराळी! असे का?

घार भक्ष्य शोधत फिरते. पुढे जाणाऱ्या प्राण्याला डोळे, तोंड व मेंदू पुढच्या बाजूस असणे सोयीचे असते. तोल राखण्यासाठी डावा व उजवा पंख सारखेच हवेत. या रचनेला द्विपार्श्व सममिती म्हणतात.

समुद्रफूल मात्र एका जागी बसून वाट पाहते. भक्ष्य कोणत्या बाजूने येईल याचा नेम नाही. म्हणून त्याच्या मध्यभागी तोंड आणि सभोवती शुंडके असतात. चाकाच्या आऱ्यांसारखी ही रचना म्हणजे अरीय सममिती होय. त्याला मेंदू नाही, चेतापेशींचे जाळे आहे. न पचलेले अन्नही तोंडावाटेच बाहेर पडते.

मग समुद्रफूल दुबळे काय? मुळीच नाही. त्याच्या शुंडकांवर दंशपेशी असतात. त्याच्याच संघातील हायड्राच्या दंशपेशीतील काटा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात सुटतो, असे २००६ साली अतिवेगवान कॅमेऱ्याने दिसून आले. घारीच्या झेपेला हा वेग नाही! शिवाय, उडण्यासाठी व अंग उबदार ठेवण्यासाठी घारीला सतत अन्न लागते. समुद्रफूल बरेच दिवस उपाशी राहू शकते.

पुस्तकात आपण 'साधा' व 'प्रगत' प्राणी असे शब्द वाचतो. 'साधा' म्हणजे 'अपुरा' नव्हे. समुद्रफुलाचा संघ पृथ्वीवर ५० कोटी वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. पक्षी आले ते सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी.

करून पाहा : खेकडा, तारामासा, फुलपाखरू व जेलीफिश यांची चित्रे काढून त्यांची सममिती ठरवा. किनाऱ्यावर निरीक्षणास जाल तेव्हा शिक्षकांसोबतच जा, भरतीची वेळ आधी विचारून घ्या आणि समुद्रफूल खडकावरून उपटू नका.