गाडीवर असलेल्या माणसाला फोन करू नका

तारापूर एमआयडीसीतली जनरल शिफ्ट सुटली की सरावली, अवधनगर आणि बोईसर या पट्ट्यातला रस्ता चालणाऱ्यांसाठी उरत नाही. कंपन्यांच्या बस, रसायनांचे टँकर, माल भरून चिल्हार फाट्याकडे निघालेले ट्रक, शेअर रिक्षा, एकाच मोटरसायकलवर तिघं. आणि या सगळ्यांच्या कडेने, साचलेलं पाणी चुकवत घर गाठणारी आमच्यासारखी पायी माणसं. बऱ्याच ठिकाणी पदपथ नाही. जिथे आहे तिथे त्यावर टपरी असते, नाहीतर कुणाची तरी गाडी उभी असते.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी मी रिक्षातून उतरून घराकडे चालले होते. मागून आलेल्या मोटारीचा धक्का बसला आणि मी गटाराच्या कठड्यापाशी जाऊन पडले. उजव्या नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. शस्त्रक्रिया करून आत सळई घालावी लागली. मी एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, दिवसभर उभ्याने करायचं काम. ते कित्येक महिने बंद राहिलं. मुलगी त्या वर्षी दहावीला होती. पुस्तक मिटून ती मला धरून न्हाणीघरापर्यंत नेई, ते बघणं मोडलेल्या हाडापेक्षा जड गेलं.

पण दुखण्याची हकिगत सांगायला मी हे लिहीत नाही. गाडी चालवणारे गृहस्थ मला दवाखान्यात भेटायला आले तेव्हा जे बोलले, ते सगळ्यांच्या कानावर जावं म्हणून लिहितेय.

ते पळून गेले नव्हते. एका रिक्षावाल्याच्या मदतीने त्यांनीच मला दवाखान्यात पोचवलं होतं. दारू प्यायलेले नव्हते, वेग फार नव्हता, परवाना आणि गाडीचे कागद चोख होते. खाली मान घालून म्हणाले, "ताई, फोन हातात नव्हता हो. स्पीकरवर होता. मी समोरच बघत होतो. पण तुम्ही मला दिसलाच नाहीत."

तेव्हा मला ते खोटं वाटलं. समोर बघणाऱ्याला धडधाकट बाईमाणूस दिसत नाही, हे कसं पटावं?

पुढे त्यांची बायको आली. फोन तिचाच होता. "किती वेळ लागेल, भाकरी टाकू का, एवढंच विचारत होते," म्हणाली आणि रडायला लागली. तिची समजूत मलाच घालावी लागली. तिच्यावर माझा राग नाही. ती रोज विचारते तेच तिने त्या दिवशीही विचारलं. असा फोन आपल्यापैकी बहुतेकांच्या घरातून रोज जातो.

अंथरुणावर पडल्यापडल्या मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, आणि ते गृहस्थ खरं बोलत होते हे कळलं. १९९७ साली टोरांटोच्या रेडेलमायर आणि टिब्शिरानी या दोन संशोधकांनी अपघात झालेल्या ६९९ मोटारचालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलताना अपघाताचा धोका चौपट होतो असं त्यांना आढळलं. फोन हातात न धरता बोलणाऱ्यांचा धोका त्यामुळे कमी झालेला मात्र दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटनाही चौपट धोक्याचाच आकडा सांगते. डोळे रस्त्यावर असतात, पण दिसलेलं ओळखून पायाला ब्रेकवर नेणारं लक्ष बोलण्यात गुंतलेलं असतं. 'किती वेळ लागेल' या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर माणूस मनातल्या मनात पुढचा रस्ता मोजतो, फाटक लागेल का, नाक्यावर गर्दी असेल का याचा हिशेब करतो. तेवढ्या वेळात चाकाखालचा रस्ता त्याच्यापुरता नाहीसा झालेला असतो.

शेजारी बसलेल्याशी बोलणं वेगळं. त्याला समोरचा ट्रक दिसतो, वळण दिसतं, तो आपसूक गप्प होतो. फोनवरच्या माणसाला यातलं काहीच कळत नाही, तो बोलतच राहतो.

मोटार वाहन कायद्याच्या १८४व्या कलमात २०१९च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात फोन धरणं हा धोकादायक गाडी चालवण्याचा गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणून आता लोक फोन स्टँडला लावतात, कानात बड घालतात आणि निर्धास्त होतात. दंड चुकला, धोका होता तिथेच राहिला. हे मला फार कळकळीने सांगायचं आहे, कारण माझ्या पायातली सळई हातात न धरलेल्या फोनने घातलेली आहे.

मेसेज वाचणं तर याहून वाईट. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. स्क्रीनवर चार सेकंद नजर गेली तर जवळजवळ सत्तर मीटर अंतर आंधळ्याने गाडी चालवल्यासारखं कापलं जातं. आमच्या रस्त्यावर सत्तर मीटरच्या आत रिक्षा स्टँड येतो, भाजीवाली बसलेली असते, शाळेतून सुटलेली पोरं असतात, बसलेली गुरं असतात. चिल्हारच्या रस्त्याला मध्येच पाडे लागतात. डोक्यावर मोळी घेतलेली बाई तिथे कडेकडेनेच चालत असते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती आमच्या कारखान्यांचीच गोष्ट. ज्वलनशील द्रावकं असतात त्या विभागात मोबाईल नेता येत नाही, तो गेटवर जमा होतो. परमिट हातात आल्याशिवाय कुणी टाकीत उतरत नाही. पंप दुरुस्तीला घेतला की वीज बंद, स्विचला कुलूप, वर पाटी. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ आम्ही सगळे हात पुढे करून घेतो. हे नियम माणसं मनापासून पाळतात, कारण ते मोडल्यावर काय होतं ते या पट्ट्याने स्फोटांच्या रूपाने पाहिलेलं आहे. आणि तोच माणूस गेटबाहेर पडला की फोन हेल्मेटात कोंबून, मान वाकडी करून बोलत बोलत निघतो.

त्याला फोन कुणाचा असतो? कित्येकदा आतूनच. ब्रेकडाउन झालं की फोरमन नुकत्याच निघालेल्या फिटरला फोन लावतो, "तो कुठला व्हॉल्व्ह बंद करून गेलास?" ट्रान्सपोर्टवाला टँकरच्या ड्रायव्हरला दर थोड्या वेळाने विचारतो, "कुठे पोचला?" बऱ्याच टँकरना आता जीपीएस असतं, गाडी कुठे आहे ते ऑफिसातल्या पडद्यावर दिसत असतं. तरी फोन जातोच. ड्रायव्हरची पंचाईत अशी की मालकाचा फोन न घेण्याची त्याची हिंमत होत नाही. पकडला गेला तर दंड तो भरतो, अपघात झाला तर कोठडीत तो जातो. फोन करणाऱ्याचं नावही कुठे येत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं गाडी चालवणाऱ्याला नाही, फोन करणाऱ्याला आहे. आपलं माणूस किती वाजता सुटतं आणि किती वाजता घरी येतं हे आपल्याला ठाऊक असतं. मधल्या वेळात फोन करू नका. काळजी वाटत असेल तर निघतानाच त्याला व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवायला सांगा, न विचारता कळेल. फोन लावावाच लागला तर पहिला प्रश्न 'गाडीवर आहेस का?' आणि 'हो' आलं की लगेच ठेवून द्या. 'बोल, बोल, स्पीकरवर आहे' असं तो म्हणाला तरी ठेवा. फोन उचलला नाही म्हणून रागावू नका, आणि लागोपाठ मिस्ड कॉल तर मुळीच देऊ नका, त्याने घाबरून माणूस फोन बघतोच.

गाडी चालवणाऱ्याने निघण्यापूर्वी फोन आवाज बंद करून पिशवीत टाकून मागच्या सीटवर ठेवावा. शेजारी ठेवला तर हात जातोच. नकाशा लागणार असेल तर गाडी सुरू करण्याआधी लावून घ्यावा. बोलणं अगदीच निकडीचं असेल तर सुरक्षित, मोकळ्या जागी थांबावं. वळणावर किंवा अंधारात रस्त्याच्या कडेला गाडी लावून बोलू नये, मागून येणाऱ्याला ती दिसेलच असं नाही. पायी जाणाऱ्यांनी पदपथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चालावं. मला धडकलेली गाडी पाठीमागून आली होती. पावसात छत्री तोंडासमोर धरू नये आणि रस्ता ओलांडताना कानातले इयरफोन काढावेत.

प्रवाशांनाही तोंड आहे. मार्च २०२५मध्ये दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवता चालवता मोबाईलवर क्रिकेटचा सामना बघत होता. एका प्रवाशाने त्याचं चित्रण करून परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांना पाठवलं. चालकाला कामावरून काढलं गेलं आणि ती बस पुरवणाऱ्या खासगी कंपनीला ५,००० रुपये दंड झाला. त्या प्रवाशाने बसमधल्या सगळ्यांवर उपकार केले. कंपनीच्या बसमध्ये, शेअर रिक्षात आपण पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास म्हणून गप्प बसतो. गप्प बसू नये. "दादा, फोन नंतर करा, नाहीतर मी इथेच उतरते," एवढं म्हणायला काहीच लागत नाही. मी आता म्हणते, आणि बहुतेक वेळा रिक्षावाले निमूट फोन ठेवतात.

लक्ष चुकलंच तर शेवटचा आधार सीटबेल्टचा. चारोटी आमच्याच जिल्ह्यात आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी तिथे सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढे बसलेले दोघं जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता असं तपासात पुढे आलं. इतकी महागडी, मजबूत गाडी होती. तेव्हापासून आमच्या घरी मागे बसणाऱ्याने पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. पाहुणे कुरकुरतात, पण लावतात.

अपघात झालेला दिसला तर थांबा. १०८ला रुग्णवाहिकेसाठी फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याच्या मागे पोलिसांचा ससेमिरा लागतो ही भीती आता सोडून द्यावी. मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाने त्याला संरक्षण दिलेलं आहे, आणि स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर नाही. पहिल्या तासात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. त्या रिक्षावाल्याने मला आत घेतलं नसतं, तर किती रक्त गेलं असतं कोण जाणे. मे २०२५पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतच्या विनारोकड उपचाराची केंद्राची योजनाही लागू आहे. दवाखान्यात आवर्जून विचारा. एफआयआर, पंचनामा, औषधांची बिलं, सगळ्याच्या प्रती जपून ठेवा, नुकसानभरपाईच्या दाव्याला त्याच लागतात.

तुमच्या कारखान्यात सुरक्षा समिती असेल तर पुढच्या बैठकीत हा विषय घ्या: शिफ्ट सुटल्यानंतर तासभर घरी निघालेल्या कुणालाही कामाचा फोन जाणार नाही, आणि टँकर-ट्रकच्या ड्रायव्हरला तो थांबल्याशिवाय कुणी फोन लावणार नाही. नियम कागदावर घ्या, गेटवर पाटी लावा. आणि घरातलं माणूस कामावरून निघालं असेल तर ते दारात येईपर्यंत फोन खाली ठेवा, ही एका बाईची तुम्हाला हात जोडून विनंती आहे.