साथरोग कायदा कुठे अपुरा पडतो?

प्रश्न : साथीच्या काळात सरकारला अधिकार देणारा १८९७चा कायदा आजही पुरेसा आहे का?

उत्तर : मुंबईतील प्लेगच्या साथीमुळे घाईने संमत झालेला साथरोग अधिनियम राज्य सरकारला तात्पुरते नियम करण्याचे व्यापक अधिकार देतो, मात्र ‘धोकादायक साथरोग’ कशाला म्हणावे याची व्याख्या त्यात नाही, आणि विलगीकरणात, म्हणजे बाधितांना इतरांपासून वेगळे ठेवले जात असताना, त्यांचे अन्न, बुडालेली मजुरी किंवा दाद मागण्याचा मार्ग यांविषयी एक शब्दही नाही, ही त्याची सर्वांत गंभीर उणीव होय. २०२०च्या दुरुस्तीने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कठोर शिक्षा आणली, जी आवश्यकच होती. परंतु देशव्यापी टाळेबंदीसाठी केंद्राला २००५च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचा आधार घ्यावा लागला. नव्या कायद्यात अधिकारांबरोबर शासनाची कर्तव्येही नमूद व्हावीत आणि प्रत्येक आदेशाला मुदत असावी.